ड्रायव्हरशेजारची सीट

या, पुढे सरका जरा. भिंतीला टेकून बसलेलेही या. भिंत कुठे पळून जात नाही. गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे, कारण ती ज्या बाईची आहे तिने ती कधी मोठ्याने सांगितली नाही. ऐकताना हसू येईल तिथे मोकळेपणी हसा, ती स्वतः हसरी होती. आणि पुढे कुठे घशाशी काही अडकलं, तर ते देवाने दिलेलं आहे असं समजून तसंच राहू द्या.

गॅरेजांची एक गल्ली होती. एका दुकानात इंजिन उघडून पडलेलं, दुसऱ्यात पत्रा ठोकणं चाललेलं, तिसऱ्यात रंगाच्या फवाऱ्याने माणसांच्या पापण्यासुद्धा निळ्या झालेल्या. गल्लीच्या टोकाला एक लांबट दुकान होतं. तिथे मात्र तेलाऐवजी नव्या रेक्झिनचा वास यायचा. त्या दुकानात ताई गाड्यांच्या सीट शिवायची. तिचं खरं नाव सरकारदरबारी असेल. गल्ली तिला ताई म्हणायची, आणि तिच्या पाठीमागे गादीवाली बाई. साठीला टेकलेली, डावा गुडघा आखडलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ हातातल्या कात्रीहून एक बोट लांब.

तिच्या कामाची एक रीत होती. फोम कापला की कव्हर चढवायच्या आधी ती गाडीच्या मालकाला त्यावर बसवायची.

‘बसा. असे फोटोला बसल्यासारखे नको हो, रोज बसता तसे बसा. पोट सोडा. सोडा, इथे कुणी बघत नाही.’

मालक बिचारा पोट सोडून घाम पुसत बसायचा आणि ताई त्याच्याभोवती फिरून खडूने खुणा करायची. इथे कमरेला भर, इथे मांडीखाली तासायचं, इथे खांदा झुकतो. त्यामुळे ताईने शिवलेल्या सीटवर भलताच कुणी बसला, तर त्याला दुसऱ्याची चप्पल पायात घातल्यासारखं व्हायचं. अशा किती सीट तिच्या हातून गेल्या आणि कुठल्या कुठे फिरून आल्या! पण जन्मभर दुसऱ्यांच्या प्रवासाची बैठक बांधणारी ही बाई स्वतः मात्र शहराबाहेरच्या नाक्यापलीकडे कधी गेली नव्हती. आधी आईचं आजारपण, मग धाकट्या भावाचं शिक्षण, मग दुकान. वेळ गेला की गेला, त्याला शटर नसतं.

धाकटा भाऊ तिच्याच हाताखाली वाढला. लहानपणी तोंडाने ट्रकचा हॉर्न वाजवत घरभर धावायचा, म्हणून ताई त्याला भोंगा म्हणू लागली आणि ते त्याला जन्मभर चिकटलं. मोठा झाला तो खरोखरच ट्रकवर चढला. माल मालकाचा, रस्ता मालकाचा, वेळही मालकाची. हा आपला स्टेअरिंगमागे. शेवटी एकदाचा नोकरीतून मोकळा झाला आणि त्याने भंगारातून एक जुनी रुग्णवाहिका घेतली. चार माणसांनी ढकलत ती गल्लीत आणली. हा दुकानासमोर उभा राहिला आणि तोंडाने हॉर्न वाजवला.

‘ताई, चल.’

‘कुठे?’

‘जिथवर रस्ता आहे तिथवर.’

ताईने हातातली कात्री खाली ठेवली. कामाच्या वेळेत ती कात्री खाली ठेवलेली गल्लीने पहिल्यांदाच पाहिली.

तर ठरलं असं. आपल्या देशाला लागून एक देश, त्याला लागून दुसरा, असे ते एकमेकांना खेटून बसलेले. सगळे उन्हाचे, दमट, हिरवेगार. गोल फिरून आलं की पुन्हा आपलं घर. विमान नाही, आगगाडी नाही. आपली गाडी, आपला रस्ता, वाटेत जिथे थांबू तिथे झोपायचं. ताईने त्या देशांना आपल्या सोयीने टोपणनावं दिली: समुद्रवाला, रबरवाला, नदीवाला आणि डोंगरवाला. त्याच क्रमाने जायचं, कारण भोंग्याला आधी समुद्र पाहायचा होता.

ऊन उतरलं, मशीनवर कापड पडलं, की भोंगा दुकानात यायचा. कापायच्या मोठ्या टेबलावर ताई काळं रेक्झिन उलटं पसरायची आणि त्यावर खडूने रस्ता काढायची. रोज एक टप्पा. इथे चढ आहे, इथे पेट्रोल मिळत नाही, इथे गावात पाणी उकळून घ्यायचं. समुद्रवाल्यात गाड्या डावीकडून चालतात आणि रबरवाल्यात उजवीकडून, म्हणून तिथे तिने खडूने मोठी फुली मारली.

‘ही फुली आली की मी तुझ्या कानात ओरडणार, बाजू बदल!’

‘ओरड हो. तू गप्प बसलीस तर घाबरून गाडी झाडावर घालीन मी.’

आणि टप्प्याच्या शेवटी सीमा आली की दोघांचा एक खेळ चालायचा. ताई चष्मा आणखी खाली ओढून सीमेवरचा अधिकारी व्हायची. भोंगा अदबीने हात बांधून समोर उभा.

‘कुठून आलात?’

‘घरून, साहेब.’

‘कुठे चाललात?’

‘घरीच, साहेब. जरा लांबून.’

‘गाडीत काय आहे?’

‘दोन गाद्या, एक स्टोव्ह, मच्छरदाणी, हिवतापाच्या गोळ्या आणि एक ताई.’

‘ताईला सोडता येणार नाही. माल धोक्याचा आहे.’

‘ठेवून घ्या साहेब. पण दोन दिवसांत तुम्हीच परत आणून द्याल.’

मग ताई मोजपट्टी त्याच्या अंगावर फेकायची आणि दोघं अशी हसायची की समोरचा पत्रेवाला हातोडा थांबवून विचारायचा, ‘काय ताई, आज कुठला देश घेतला?’

भोंगा एकदा म्हणाला, लांबच्या वाटेला दोन ड्रायव्हर हवेत, एकाने हाकायचं, एकाने झोपायचं. ताई दुसऱ्या दिवशी गाडी शिकायच्या क्लासला जाऊन उभी राहिली. बरोबरची पोरं तिच्या निम्म्याहून निम्म्या वयाची. शिकवणारा ‘मावशी, क्लच, मावशी, क्लच’ करून घायकुतीला आला. शेवटी ती त्याला म्हणाली, ‘क्लच नंतर बघू, आधी तुझी ही सीट दे मला, कण्याची काडी होईल तुझ्या.’ त्याची सीट सुधारली आणि तिचं लायसनही झालं.

मग ड्रायव्हरशेजारची सीट. ती तिची. फोम कापून ती त्यावर बसली खरी, पण स्वतःभोवती फिरून स्वतःच्या खुणा कशा करणार? म्हणून भोंग्याने खडू हातात घेतला. तिच्या आखडलेल्या गुडघ्याखाली उंचवटा कुठवर हवा, पाठीला कुठे टेकू हवा, हे त्याने वाकून वाकून पाहिलं. ‘हलू नकोस गं ताई, रेघ वाकडी जाते.’ आयुष्यात कुणीतरी पहिल्यांदा तिच्या मापाचं काही आखत होतं. ती हलली नाही.

आता एक गोष्ट झाकून ठेवायला नको. ताई मायेची होती, पण तिची माया हुकुमाच्या रूपाने बाहेर यायची. भोंगा म्हणाला, नदीकाठी चार दिवस राहू, की ही म्हणायची, डास सोलून काढतील, एक मुक्काम पुरे. तो म्हणाला, वाट वाकडी करून धबधबा बघू, की ही खडू न उचलता म्हणायची, पाणी पडताना पाहिलंय आपण, नळाखाली. तो हसायचा. पुढेपुढे तो मान खाली घालून हसू लागला. ताईची नजर रेक्झिनवर होती, तिला ते दिसलं नाही.

गाडी रंगायला रंगवाल्याच्या आवारात गेली आणि भोंग्याचं संध्याकाळचं येणं विरळ झालं. आज घरी पाहुणे आहेत, आज पाठ धरलीय. ताई म्हणाली, ‘बरं, पाठ शेक.’ आणि एकटीच पुढचा टप्पा काढत बसली.

त्याच सुमाराला एक ट्रकवाली सीट करून घ्यायला आली. शेजारच्या देशांमधून रबराचा माल आणायची, स्वतःचा ट्रक स्वतः हाकायची. फोमवर पोट सोडून बसल्या बसल्या तिची नजर टेबलाकडे गेली.

‘हा रस्ता कोण जाणार?’

‘मी आणि माझा भाऊ.’ ताईच्या आवाजात जरा तोरा होताच.

‘आधी समुद्र आणि नदी नंतर? फसाल बाई.’ ट्रकवाली उठून टेबलाशी आली. ‘डोंगराच्या अंगाला पाऊस लवकर धरतो. तुम्ही फिरत फिरत नदीवर पोचाल तेव्हा ती फुगलेली असेल. पूल वाहून गेला तेव्हापासून तिथे गाड्या तराफ्यावरून जातात. पाणी चढलं की तराफा बंद. मी अडकलेय तिथे. माझा क्लीनर तापाने फणफणलेला, आणि दवाखाना पलीकडच्या काठाला, डोळ्यांना दिसतोय. वाचला, देवाची कृपा. सगळेच वाचत नाहीत.’

‘मग?’

‘उलटं फिरा. आधी डोंगर. नदी आटलेली असताना ओलांडा. समुद्राकडे पाऊस उशिरा येतो, तो शेवटी ठेवा.’

ती गेल्यावर ताईने ओल्या फडक्याने सगळं रेक्झिन पुसलं आणि रस्ता पुन्हा काढला, उलट्या दिशेने. एवढी मोठी गोष्ट हाती लागली, ती भोंग्याला कधी एकदा सांगते असं तिला झालं. फोन केला तर तो म्हणाला, ‘गडबडीत आहे, भेटलो की बोलू.’ भेटला मात्र नाही. शेवटी मच्छरदाणी शिवून झाली, तिची मापं गाडीत बघायची होती, म्हणून ताई स्वतःच रंगवाल्याच्या आवारात गेली.

गाडी सुरेख दिसत होती. खाली गडद हिरवी, वर साय धरल्यासारखी पांढरी. रंगवाला ताईला पाहून उठला.

‘अरे, ताई! तुम्ही… भोंगादादा तर म्हणाले…’

‘काय म्हणाले?’

‘काही नाही. ब्रश धुवायचे राहिलेत माझे.’ आणि तो स्वच्छ ब्रश घेऊन नळावर गेला.

ताईने दार उघडलं. आधी मच्छरदाणी टांगायचे आकडे बघायचे होते, पण तिला काही राहवेना. ती आपल्या सीटवर चढून बसली. बसताक्षणी तिला कळलं. गुडघा खाली गेला, धरायला काहीच नव्हतं. पाठीचा टेकू भलत्याच जागी रुतला. आणि सीट रुळांवर एवढी मागे ढकललेली की तिचे पाय पुढे पोचेनात.

ती उतरली. कव्हरची कड उलटून पाहिली. गुडघ्याखालचा उंचवटा तासून काढला होता. शिवण उसवून पुन्हा घातली होती, टाका लांब, शेवटाला दुहेरी गाठ. ही शिवण तिने डोळे मिटूनही ओळखली असती. गल्लीतल्या समोरच्या ओळीतल्या दुसऱ्या सीटवाल्याची. म्हणजे भावाने तिची सीट उचलून, तिच्या दुकानावरून नको म्हणून मागच्या वाटेने, दुसऱ्या कारागिराकडे नेली होती, आणि तिच्या अंगाचं माप उसवून घेतलं होतं.

आणि बसवलं कुणाला? इतके लांब पाय अख्ख्या गोतावळ्यात एकाच माणसाचे. भावजयीचा भाऊ, भोंग्याचा मेव्हणा. फोटोचा स्टुडिओ होता त्याचा. घरी आला की खोलीच्या मधोमध तंगड्या पसरून बसायचा आणि बाकीचे त्याला ओलांडून जा-ये करायचे.

ताईने कव्हरची कड परत नीट खोचली. सवय. मग दार लावून घेतलं आणि मच्छरदाणी काखेत तशीच घेऊन ती भावाच्या घरी निघाली.

भोंग्याचं घर वरच्या मजल्यावर. एक गुडघा वाकत नसला की जिना चढायला वेळ लागतो, म्हणून तिला सगळं ऐकू आलं. वरून हसणं येत होतं. मग भोंग्याचा आवाज, घसा ताणून जाड केलेला.

‘कुठून आलात?’

‘घरून, साहेब.’ हा मेव्हणा.

‘गाडीत काय आहे?’

‘दोन गाद्या, एक स्टोव्ह, एक कॅमेरा आणि एक मेव्हणा!’

वर हशा पिकला. ताई जिन्यात कठडा धरून उभी राहिली. सीट उसवलेली पाहिली तेव्हा तिला राग आला होता. पण सीट लाकूड-फोमची असते हो, नवी होते. हा खेळ दोघांचा होता. घरातली देवाची जागा कुणी परक्याला पाय पसरायला द्यावी, तसं तिला झालं.

भावजयीने दार उघडलं आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा बेताने ओरडली, ‘अगंबाई, ताई! तुम्ही! या ना, या!’

आतलं हसू कुणी बटण दाबावं तसं बंद झालं. खोलीत दोन नव्या पिशव्या भरून ठेवलेल्या. मेव्हण्याने घाईघाईने पाय आवरले.

‘थांबलात का?’ ताई म्हणाली. ‘साहेबांनी पुढे विचारलं नाही, घरी कोण ठेवलंय म्हणून.’

‘ताई, बसा ना,’ मेव्हणा खुर्ची पुढे करत म्हणाला.

‘बसून आले आत्ताच. तुमच्या सीटवर. माझ्या गुडघ्याला जमली नाही.’

भोंगा जागचा उठला नाही. ‘ताई, मी सांगणारच होतो.’

‘कधी? सीमेवरून?’

‘तुझा गुडघा गं. आणि वय. तिकडे दवाखाने धड नाहीत, तुला काही झालं तर मी…’

‘गुडघा काल आखडला का? तूच वाकून खूण केलीस त्याची.’

भावजय मध्ये पडली. ‘ताई, तुमच्या काळजीपोटीच ठरवलं सगळं. शिवाय दोन ड्रायव्हर हवेत ना.’

‘म्हणून तर शिकले अगं. पोरांच्यात बसून, मावशी क्लच ऐकत. कुणाच्या सांगण्यावरून? विचार नवऱ्याला.’

भावजय पिशवीची चेन उगाच ओढू लागली. ताई भोंग्याकडे वळली.

‘केव्हा ठरलं हे?’

भोंग्याने मान खाली घातली. मेव्हणा मात्र मनाने सरळ माणूस, त्याला गप्प बसवेना. ‘तुमचा रस्ता रबरवाल्यापर्यंत आला होता ना ताई, तेव्हा.’

ताई हिशेब लावत उभी राहिली. रबरवाला. म्हणजे त्यानंतरची नदी, त्यानंतरचे डोंगर, ती प्रत्येक संध्याकाळ, प्रत्येक हसणं. ‘म्हणजे तिथून पुढचा रस्ता मी तुम्हा दोघांसाठी काढत होते.’

‘तुमच्यासारखा रस्ता कुणाला काढता येत नाही, असं दाजीच म्हणाले,’ मेव्हणा म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, आपण कौतुक करतोय.

‘तू गप रे!’ भोंगा ओरडला. मग उठला आणि ताईसमोर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण या वेळी त्याने मान खाली घातली नाही. ‘खरं सांगू? गुडघा नाही, काही नाही. मी जन्मभर ड्रायव्हर होतो, ताई. मालक म्हणेल तिथे वळायचं, म्हणेल तिथे थांबायचं. एकदा, फक्त एकदा, मला माझ्या मर्जीने वळायचं होतं. एक धबधबा बघायचा होता. तुझ्याबरोबर गेलो असतो तर मी पुन्हा ड्रायव्हरच.’

हे मात्र लागलं.

‘मग हे टेबलापाशी बोलायचं होतंस,’ ती हळू म्हणाली. ‘मी खडू तुझ्या हातात दिला असता.’ जरा थांबली. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. ‘दिला असता की नाही, देव जाणे. पण तू मागायचास तरी. मागितला नाहीस, आणि रोज येऊन हसत राहिलास. ते कशाला? नकाशा पुरा व्हावा म्हणून?’

भोंग्याचे डोळे भरले. ‘ताई, चल तू. खरंच चल. मागच्या गादीवर जागा करू.’

आणि ऐका, इथे ताईचे ओठ ‘हो’ म्हणायला उघडले होते. मानाचं काय, अपमानाचं काय, मागच्या गादीवर तर मागच्या गादीवर, जग तर बघायला मिळेल! इतकी ओढ होती तिला. पण बोलून झाल्याबरोबर भोंग्याने बायकोकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे पाहिलं. क्षणभरच. चालेल ना, असं विचारणारी नजर. ताईने ती नजर पाहिली आणि तिचे ओठ मिटले.

‘नको,’ ती म्हणाली आणि मच्छरदाणी खुर्चीवर ठेवून जिना उतरू लागली.

अर्ध्या जिन्यात तिला नदी आठवली.

भोंग्याला नवा रस्ता माहीतच नव्हता. तो आला नव्हता ना ऐकायला! त्याच्या डोक्यात अजून तोच जुना क्रम, आधी समुद्र. म्हणजे ही दोघं मजेत फिरत नदीवर पोचणार तेव्हा नदी फुगलेली, तराफा बंद, डासांचं माजलेलं रान, आणि दवाखाना पलीकडच्या काठाला. ताईने काही करायचंच नव्हतं. फक्त उरलेल्या पायऱ्या उतरायच्या होत्या. कुणी तिला बोल लावला नसता. त्यांनी लपवलं, तिनेही लपवलं, झाली फिटंफाट.

माणसाच्या मनात असा एक कोपरा असतो हो, कितीही नामस्मरण करा, तिथे झाडू पोचत नाही. ताईच्याही मनात होता. ती त्या कोपऱ्यात उभी राहिली आणि तिने भावाला अडकलेला पाहिला, रडकुंडीला आलेला, ‘ताई असती तर’ म्हणणारा. तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर पुष्कळ बरं वाटलं. मग तिला तो तापलेला दिसला. लहानपणी तापाने फणफणला की तिच्या कुशीत तोंड खुपसून, डोळे न उघडता, बारीक आवाजात हॉर्न वाजवायचा, ती आहे ना हे बघायला. तिने कठडा धरला आणि एकेक पायरी करत वळून परत वर गेली.

तिघं होती तिथेच उभी होती.

‘समुद्राकडून जाऊ नका,’ ताई दारातूनच म्हणाली. ‘आधी डोंगर.’ आणि उभ्या उभ्या तिने पूर्ण रस्ता सांगितला. पाऊस कुठून धरतो, पूल कसा गेला, तराफा कुठे लागतो, उशीर झाला तर अल्याड कुठे थांबायचं. बाजू आता कुठल्या सीमेवर बदलायची. सांगता सांगता तिचा आवाज दुकानातल्यासारखा झाला, हात हवेतच रेघा ओढू लागले. मेव्हण्याने खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला.

‘ताई, हे जरा इकडे बघून परत सांगाल? प्रवासाच्या व्हिडिओत सुरुवातीला फार छान दिसेल.’

भावजयीने त्याच्या हातावर अशी चापट मारली की फोन पिशवीत जाऊन पडला.

‘नदीकाठी पाणी उकळूनच प्यायचं,’ ताई म्हणत होती. ‘गोळ्या जेवणानंतर. आणि तिथे एकच मुक्काम, डास…’ ती थांबली. चष्मा वर सरकवला. ‘बाकी तुझ्या मर्जीने वळ.’

भोंग्याने तिचा हात धरला.

‘सोड,’ ती मायेनेच म्हणाली. ‘जिना उतरायचाय मला. कठडा पुरतो.’

गाडी निघाली त्या सकाळी गल्लीतूनच गेली, गाडी जाईल अशी दुसरी वाट नव्हती. दुकानासमोर जरा थांबली. हॉर्न वाजला, आधी गाडीचा, मग तोंडाने. पत्रेवाला, रंगवाला, समोरच्या ओळीतला तो सीटवाला, सगळे ताईच्या दाराकडे बघत होते. आत मशीनचा आवाज चालू होता. त्या दिवशी तिने एकाच कापडावर इतकी शिवण घातली की नंतर ती सगळी उसवावी लागली.

कुणी विचारलं, ‘ताई, तुम्ही जाणार होतात ना?’ तर ती म्हणायची, ‘गुडघ्याने दगा दिला बाबा.’ सगळ्यांना तेच सांगितलं. म्हणजे ज्याने तिला उघड्यावर सोडलं, त्याची लाज तिनेच झाकली.

पुढे एका दुपारी फोन वाजला. मागे पाण्याचा आवाज आणि माणसांचा गलका.

‘ताई! पोचलो पलीकडे! तराफा चालू होता, तू म्हणालीस तसाच. ऐकतेयस ना?’

‘ऐकतेय.’

‘धबधबा पण पाहिला. तू असतीस तर…’

‘गिऱ्हाईक बसलंय समोर,’ ताई म्हणाली आणि फोन ठेवला. समोर कुणी बसलं नव्हतं.

तर अशी ही गोष्ट. भाऊ परत आला का, बोलणं पहिल्यासारखं झालं का, हे विचारू नका. बोलतात ती दोघं. पण टेबलावर आता फक्त कापड कापलं जातं.

रोज सकाळी शटर उघडण्याआधी ताई डोळे मिटून हात जोडते. आधी भोंग्यासाठी मागते, मग भावजयीसाठी, मग मेव्हण्याच्या त्या लांब पायांसाठीसुद्धा, आणि रस्त्यावर असतील नसतील त्या सगळ्यांसाठी. एवढं होईपर्यंत गल्ली जागी होते, कुणीतरी हाक मारतं आणि स्वतःचं मागायचं राहून जातं. म्हणून भोंग्याची काळजी तुम्ही करू नका, त्याच्या पाठीशी मागणारं माणूस आहे. हिच्या पाठीशी कुणी नाही. आज घरी जाल, देवासमोर उभे राहाल, तेव्हा आपलं सगळं मागून झालं की तिची तेवढी आठवण ठेवा. नाव माहीत नाही म्हणून अडू नका. ताई म्हणा, त्याला कळेल.